सरळ रेषेचं समीकरण आणि आलेख : कोणत्या क्रमाने करायचं आणि नेमकं कुठे चुकतं

सूत्र पाठ असतं, आलेख कागद समोर असतो, तरी रेषा भलतीकडेच जाते. नववी-दहावीच्या मुलांचं हे नेहमीचं झालंय आणि अकरावीत गेल्यावरही सुटत नाही. स्टेट बोर्डात दहावीला आलेख गणित भाग १ मध्ये येतो आणि चढ (रेषा किती तिरकी आहे ते सांगणारा आकडा) भाग २ मध्ये, वह्या वेगळ्या, पेपर वेगळे, त्यामुळे हे दोन्ही एकाच रेषेबद्दल चाललंय हे डोक्यात जोडलंच जात नाही. मग समीकरण सांगतं रेषा खाली उतरतेय आणि कागदावर ती वर चढलेली असते, आणि कोणाच्या लक्षातही येत नाही.

खाली एकच उदाहरण सुरुवातीपासून शेवटपर्यंत नेलंय. कागद-पेन्सिल घेऊन सोबत करत चला, नुसतं वाचून हे हाताला बसत नाही. इथे एक्ससाठी क्ष आणि वायसाठी य लिहिलंय, वहीत तुम्ही नेहमीची इंग्रजी अक्षरंच वापरा.

उदाहरण : अ(−२, ७) आणि ब(४, −२) या बिंदूंतून जाणाऱ्या रेषेचं समीकरण काढा आणि तिचा आलेख काढा.

टप्पा १ : पेन उचलण्याआधी काय दिलंय ते बघा

गणितात कधी दोन बिंदू देतात, कधी एक बिंदू आणि चढ, कधी चढ आणि रेषा य-अक्षाला कुठे छेदते ते, तर कधी एक बिंदू आणि «अमुक रेषेला समांतर» किंवा «लंब» असं. दिसायला चार वेगळे प्रकार आहेत पण सगळ्यांना शेवटी दोनच गोष्टी लागतात : रेषेचा चढ आणि रेषेवरचा कुठलाही एक बिंदू. या दोनपैकी काय हातात आहे आणि काय काढायचंय ते समासात लिहून टाका. आपल्याकडे बिंदू दोन आहेत, चढ नाही, म्हणजे आधी चढ.

आता एक कच्ची आकृती. मोजमाप नको, पट्टी नको, फक्त दोन अक्ष आणि दोन ठिपके. अ डावीकडे आणि वर आहे, ब उजवीकडे आणि खाली आहे. म्हणजे डावीकडून उजवीकडे जाताना रेषा उतरतेय, म्हणून चढ ऋण यायला पाहिजे. समासात «चढ ऋण» असं लिहा. हे दोन शब्द पुढच्या निम्म्या चुका पकडून देतात आणि नेमका हाच टप्पा मुलं वेळ वाचवायला गाळतात.

इथेच तपासा : दोन्ही बिंदूंचे क्ष निर्देशक, म्हणजे कंसातले पहिले आकडे, सारखे आहेत का? असतील तर रेषा उभी आहे, तिचा चढ ठरवताच येत नाही, सूत्रात घातलं तर छेदात शून्य येईल. (३, १) आणि (३, ५) दिले तर सरळ क्ष = ३ लिहायचं आणि थांबायचं. य निर्देशक सारखे असतील, समजा (१, −२) आणि (५, −२), तर रेषा आडवी, चढ शून्य, समीकरण य = −२. उभ्या रेषेचा चढ शून्य लिहिणं ही फार जुनी चूक आहे, शून्य आडव्या रेषेचा असतो.

टप्पा २ : चढ काढा, चिन्हं कंसात ठेवून

चढ म्हणजे दुसऱ्याचा य वजा पहिल्याचा य, भागिले दुसऱ्याचा क्ष वजा पहिल्याचा क्ष. पहिला कोण आणि दुसरा कोण हे तुम्ही ठरवा, काहीही चालतं, फक्त एकदा ठरवलं की वर आणि खाली तोच क्रम पाहिजे. वर ब वजा अ आणि खाली अ वजा ब केलं की आकडा बरोबर येतो आणि चिन्ह उलटं येतं, आणि आकडा ओळखीचा दिसल्यामुळे संशयही येत नाही.

आपण अ पहिला आणि ब दुसरा धरू.

वर : (−२) − (७) = −९
खाली : (४) − (−२) = ४ + २ = ६
चढ = −९/६ = −३/२

प्रत्येक निर्देशक कंसात लिहायचा, धन असला तरी. खालच्या ओळीत कंस नसेल तर ४ − −२ असं दिसतं, घाईत त्यातला एक वजा गळतो आणि ६ ऐवजी २ येतात. समासात «चढ ऋण» लिहिलेलं आहेच, आपलं उत्तर ऋण आलं, पुढे जायला हरकत नाही.

चढ अपूर्णांकातच ठेवा. −१.५ लिहिलं तर इथे चालून जाईल, पण चढ २/३ आला आणि तुम्ही ०.६७ घेऊन पुढे गेलात तर शेवटच्या तपासणीत दोन्ही बाजू कधीच नीट जुळणार नाहीत. शिवाय अपूर्णांक आलेख काढताना थेट कामाला येतो, ते पुढे बघू.

टप्पा ३ : समीकरण मांडा

बिंदू आणि चढ हातात आला की मांडणी अशी : य वजा बिंदूचा य = चढ × (क्ष वजा बिंदूचा क्ष). आपण अ(−२, ७) घेऊ.

य − ७ = −३/२ × (क्ष − (−२))
य − ७ = −३/२ × (क्ष + २)

दोन्ही बाजूंना २ ने गुणा :

२य − १४ = −३ × (क्ष + २)
२य − १४ = −३क्ष − ६
३क्ष + २य = ८

या चार-पाच ओळींत तीन जागा घसरड्या आहेत. पहिली, क्ष − (−२) चं क्ष − २ होणं. दुसरी, २ ने गुणताना फक्त य ला गुणलं जातं आणि ७ तसाच राहतो. तिसरी, −३ ने कंस सोडवताना पहिल्या पदाला वजा मिळतो आणि दुसऱ्याला मिळत नाही, म्हणजे −३क्ष + ६ लिहिलं जातं. म्हणून एका ओळीत एकच काम करा. दोन पायऱ्या एका ओळीत उरकल्या की चूक नक्की कुठे झाली ते तुम्हालाही सापडत नाही आणि पेपर तपासणाऱ्यालाही पायऱ्यांचे मार्क देता येत नाहीत.

दुसरी पद्धत पण चालते. य = चढ × क्ष + क असं मांडायचं, यातला क म्हणजे रेषा य-अक्षाला जिथे छेदते तिथला आकडा. अ घातला की ७ = (−३/२) × (−२) + क, म्हणजे ७ = ३ + क, म्हणून क = ४. समीकरण य = −३/२ × क्ष + ४. दोन ने गुणून बाजू बदलल्या की परत ३क्ष + २य = ८. कुठली पद्धत वापरायची ते तुमच्यावर, पण गणिताच्या मध्येच एकीवरून दुसरीवर उडी नको.

टप्पा ४ : तपासणी, पण न वापरलेल्या बिंदूने

हा सगळ्यात महत्त्वाचा टप्पा, त्यामुळे इथे थोडं थांबू.

बरीच मुलं तपासणी करतात पण ज्या बिंदूवरून समीकरण मांडलं तोच बिंदू परत घालून बघतात, आणि तो बसणारच, कारण समीकरण त्याच्यावरच उभं केलंय. चढ चुकला असला तरी बसेल. करून बघा. समजा चढाचं चिन्ह चुकलं आणि +३/२ घेतला. मग य − ७ = ३/२ × (क्ष + २), म्हणजे २य − १४ = ३क्ष + ६, म्हणजे ३क्ष − २य = −२०. यात अ(−२, ७) घाला : −६ − १४ = −२०. तंतोतंत जुळलं, आणि समीकरण पूर्ण चुकीचं आहे. आता त्यातच ब(४, −२) घाला : १२ + ४ = १६. जुळत नाही, चूक लगेच उघडी पडली.

म्हणून समीकरण अ वरून काढलं असेल तर तपासणी ब ने करायची. आपलं खरं समीकरण ३क्ष + २य = ८, त्यात ब : ३ × ४ + २ × (−२) = १२ − ४ = ८. जमलं. ही ओळ जमेपर्यंत आलेख कागदाला हात लावायचा नाही.

टप्पा ५ : तक्ता करा, आणि सोयीचे बिंदू निवडा

समीकरणावरून बिंदू काढताना सवयीने क्ष = ० घेतात, मग य = ० घेतात. क्ष = ० घेतलं तर य = ४, छान. य = ० घेतलं तर क्ष = ८/३, म्हणजे २.६६ आणि पुढे सहा-सहा. हा बिंदू कागदावर नेमका कुठे टिंबायचा? अंदाजाने टिंबला की रेषा थोडी तिरकी जाते, आणि पुढे दुसरी रेषा काढून छेदनबिंदू वाचायचा असेल तर उत्तरच बदलतं.

पूर्णांक बिंदू काढायची सोपी रीत आहे. य = (८ − ३क्ष)/२ असं लिहा आणि बघा, खाली २ आहे, वर ८ आहे, म्हणजे क्ष सम घेतला की य पूर्णांक येणार. क्ष = १ घेतला तर ५/२, क्ष = २ घेतला तर १. किंवा चढच वापरा : −३/२ म्हणजे उजवीकडे २ घरं गेलात की खाली ३ घरं. (०, ४) वरून सुरू करा, (२, १) येतो, मग (४, −२), आणि उलट डावीकडे २ गेलात की वर ३, म्हणजे (−२, ७).

तक्ता :
क्ष : −२, ०, २, ४
य : ७, ४, १, −२

रेषेला दोन बिंदू पुरतात हे खरं, पण दोन बिंदू चुकीचे असले तरी त्यांतून रेषा जातेच, आणि ती दिसायला अगदी व्यवस्थित दिसते. तिसरा बिंदू असला की चूक दडून राहत नाही. कमीत कमी तीन काढा, आणि एकमेकांना चिकटलेले नको, लांब-लांबचे घ्या. जवळच्या दोन ठिपक्यांवर पट्टी धरली की ती केसभर हलली तरी टोकाला रेषा अर्धा सेमी सरकते.

टप्पा ६ : अक्ष नंतर, तक्ता आधी

अक्ष कागदाच्या बरोबर मध्ये काढून मोकळं व्हायचं आणि मग कळायचं की बिंदू पानाबाहेर जातोय, हे फार होतं. तक्ता आधी बघा. आपले क्ष −२ ते ४, य −२ ते ७. म्हणजे वर जागा जास्त लागणार, तर आरंभबिंदू (०, ०), म्हणजे दोन्ही अक्ष भेटतात ती जागा, पानाच्या मध्यापेक्षा थोडा खाली घ्या. दोन्ही अक्षांवर १ सेमी = १ एकक सहज मावतं.

कागदाच्या उजव्या कोपऱ्यात वर प्रमाण लिहा, अक्षांना नावं द्या, टोकांना बाण काढा. अक्ष आलेख कागदाच्या ठळक रेषेवरच काढा, बारीक रेषेवर काढलात तर प्रत्येक बिंदू मोजताना गडबड होते. आकडे टाकताना ० पासून दोन्हीकडे सारखं अंतर पाहिजे. ऋण बाजूला −१ लिहायची जागा चुकून ० च्याच रेघेवर जाते आणि तिथून पुढचे सगळे आकडे एक-एक घर सरकतात, तेव्हा आकडे टाकून झाले की −३ ची रेघ आरंभबिंदूपासून खरोखर ३ सेमीवर आहे का ते पट्टीने मोजा.

टप्पा ७ : बिंदू टिंबा, रेषा ओढा

पहिला आकडा आडवा, दुसरा उभा. (−२, ७) म्हणजे डावीकडे २ आणि वर ७. हेच उलट केलं तर (७, −२) टिंबला जातो. पेन्सिल टोकदार ठेवा, ठिपका बारीक असू दे, आणि प्रत्येक ठिपक्याशेजारी त्याचे निर्देशक लिहा.

आता पट्टी ठेवा आणि ओढण्याआधी बघा, चारही ठिपके पट्टीच्या कडेला लागतात का. एखादा बाहेर राहिला तर तो जोडायला रेषा वाकवू नका आणि «साधारण मधून» पण नेऊ नका. रेषीय समीकरणाचा आलेख सरळच असतो, म्हणजे तो बिंदू टिंबताना चुकलाय किंवा तक्त्यातच चुकलाय. त्याचे निर्देशक समीकरणात घाला. ८ आले तर टिंबणं चुकलं, नाही आले तर तक्ता चुकला.

रेषा पहिल्या आणि शेवटच्या बिंदूवर थांबवायची नाही, दोन्हीकडे थोडी पुढे न्यायची आणि बाण काढायचे. बिंदूपाशी थांबवली की तो रेषाखंड झाला. रेषेवर तिचं समीकरण लिहा.

शेवटची नजर : रेषा डावीकडून उजवीकडे उतरतेय का? टप्पा १ मध्ये तेच म्हटलं होतं. य-अक्षाला ४ वर छेदतेय का? क्ष-अक्षाला २ आणि ३ च्या मध्ये, ३ च्या जास्त जवळ छेदतेय का? तिन्हींना हो आलं तर काम झालं.

टप्पा ८ : आरंभबिंदूतून जाणारी रेषा

२क्ष − ३य = ० सारखं समीकरण आलं की क्ष = ० घेऊन (०, ०) मिळतो, य = ० घेऊन परत (०, ०) मिळतो. दोन ओळी लिहिल्या पण बिंदू एकच. काही मुलं इथे गणित चुकलं समजून खोडतात. चुकलेलं नाही, डावीकडे फक्त क्ष आणि य ची पदं, सुटा आकडा नाही, आणि उजवीकडे शून्य असेल तर रेषा आरंभबिंदूतूनच जाते. दुसरे बिंदू चढावरून काढा. चढ २/३, म्हणजे ३ उजवीकडे आणि २ वर : (३, २), आणि उलट बाजूला (−३, −२).

टप्पा ९ : समांतर आणि लंब

समांतर रेषांचे चढ सारखे असतात. लंब रेषांच्या चढांचा गुणाकार −१ येतो, फक्त एक उभी आणि एक आडवी असेल तिथे हा नियम लावता येत नाही.

चढ वाचताना काळजी घ्या. ३क्ष + २य = ८ चा चढ ३ नाही आणि ३/२ पण नाही. य एकटा करून बघा, −३/२ येतो. क्ष आणि य एकाच बाजूला असले की चढ = वजा, क्ष चा सहगुणक (क्ष च्या आधीचा आकडा) भागिले य चा सहगुणक. तो वजा बाहेरून येतो म्हणून विसरला जातो.

(१, ३) मधून जाणारी आणि आपल्या रेषेला समांतर रेषा हवी असेल तर डावी बाजू तीच ठेवा आणि बिंदू घाला : ३ × १ + २ × ३ = ९, म्हणून ३क्ष + २य = ९. लंब हवी असेल तर चढ २/३, कारण −३/२ × २/३ = −१. इथे अपूर्णांक उलटा पण करायचा आणि चिन्ह पण बदलायचं, मुलं दोनपैकी एकच करतात. य − ३ = २/३ × (क्ष − १), ३य − ९ = २क्ष − २, म्हणजे २क्ष − ३य = −७. बिंदू घातला : २ − ९ = −७. पण हा तोच वापरलेला बिंदू आहे, त्यामुळे चढ स्वतंत्रपणे तपासा. सहगुणक २ आणि −३, चढ २/३, बरोबर.

टप्पा १० : दोन रेषा एकाच कागदावर

दहावीच्या भाग १ मध्ये एकसामयिक समीकरणं (दोन्ही एकाच वेळी खरी ठरवणारे क्ष आणि य शोधायचे) आलेखाने सोडवायची असतात ती हीच. आपल्या रेषेबरोबर क्ष − य = १ घेऊ. तक्ता : (०, −१), (१, ०), (३, २). दोन्ही रेषा एकाच अक्षांवर, एकाच प्रमाणात काढायच्या. छेदनबिंदू (२, १) येतो. उत्तर क्ष = २, य = १ असं लिहा, नुसता ठिपका दाखवून सोडू नका, आणि दोन्ही समीकरणांत घाला : ६ + २ = ८, २ − १ = १. एकातच घालून थांबलात तर तपासणी झाली नाही, त्या एका रेषेवर तर हवे तितके बिंदू आहेत.

रेषा कागदावर भेटतच नसतील तर लगेच «उकल नाही» लिहू नका, आधी चढ बघा. ३क्ष + २य = ८ आणि ३क्ष + २य = ९ खरोखर समांतर आहेत, उकल नाहीच. चढ वेगळे असतील तर रेषा पानाबाहेर भेटतायत, प्रमाण बदला. आणि ६क्ष + ४य = १६ आली तर ती वेगळी रेषा नाहीच, पहिलीच दुप्पट करून दिलीय, तिथे उकली अनंत.

टप्पा ११ : दोन अक्षांचं प्रमाण वेगळं असेल तेव्हा

विज्ञानाच्या आलेखांत हे सारखं लागतं. सेल्सिअस क्ष-अक्षावर आणि फॅरनहाइट य-अक्षावर घ्या. पाणी ० अंश सेल्सिअसला गोठतं, म्हणजे ३२ फॅरनहाइट, आणि १०० ला उकळतं, म्हणजे २१२. बिंदू (०, ३२) आणि (१००, २१२). चढ = १८०/१०० = ९/५. समीकरण य = ९/५ × क्ष + ३२. तिसरा बिंदू (−४०, −४०), तिथे दोन्ही मापं सारखी येतात, घालून बघा : −७२ + ३२ = −४०.

प्रमाण : क्ष-अक्षावर १ सेमी = १० अंश, य-अक्षावर १ सेमी = २० अंश. दोन्ही वेगळी लिहा. आता कागदावर घरं मोजून चढ काढायला गेलात तर ० ते १०० हे १० सेमी आणि ३२ ते २१२ हे ९ सेमी, म्हणजे ९/१०, आणि खरा चढ ९/५ आहे. घरं मोजून चढ फक्त दोन्ही प्रमाणं सारखी असतील तेव्हाच काढता येतो, नाहीतर अक्षावरचे आकडे वाचायचे. छापलेल्या आलेखावरून समीकरण काढायचं असेल तरी हेच लागू : रेषा जिथे घराच्या कोपऱ्यातून नेमकी जाते असे दोन लांबचे बिंदू निवडा, दोन्ही अक्षांचे आकडे वाचा, आणि मग टप्पा २ पासून सुरू करा.

मोबाईलवर जिओजेब्रा किंवा डेसमॉस फुकट मिळतं, समीकरण टाकलं की रेषा समोर येते. ते हाताने आलेख काढून झाल्यावर उघडा. समीकरण टप्पा ४ मध्ये तपासलेलं आहेच, त्यामुळे रेषा जुळली नाही तर चूक तक्त्यात, अक्षांवरच्या आकड्यांत किंवा टिंबण्यात आहे, टप्पा ५ ते ७ परत बघा. आणि स्क्रीनवर झूम करताना तिथल्या अक्षांचं प्रमाणही बदलू शकतं, तेव्हा रेषा दिसायला किती तिरकी आहे यावर जाऊ नका, ती (२, १) मधून जाते का ते बघा.